.४५ एसीपीच्या पुंगळ्यांत दोन मापांचे प्राइमर: निवडायचं कसं आणि वापरायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. टेक्सासमध्ये राहणारे एक मराठी नेमबाज यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या सिंगल स्टॅक गटात (मॅगझिनमध्ये काडतुसं एकाच ओळीत राहणाऱ्या पिस्तुलांच्या गटात) १९११ जातीचं पिस्तूल घेऊन उतरायला लागले आहेत. फॅक्टरीची काडतुसं परवडेनात, म्हणून घरी भरायला घेतली. रेंजवर पडलेल्या .४५ एसीपीच्या रिकाम्या पुंगळ्या बादलीभर गोळा केल्या, धुऊन चकचकीत केल्या आणि प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, म्हणजे हँडलच्या एकेका ओढीत भरण्याच्या सगळ्या पायऱ्या एकदम करणाऱ्या यंत्रावर चढवल्या. आता थोडं काम झालं की हँडल अचानक अडकतं आणि पुंगळी काढून बघावी तर प्राइमर त्याच्या पॉकेटच्या, म्हणजे बुडातल्या खड्ड्याच्या, तोंडावरच चेपलेला दिसतो. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पुंगळ्या खराब आहेत की प्रेसची जुळणी बिघडली आहे? रेंजवरच्या एका ओळखीच्या माणसाने पॉकेट ड्रिलने मोठं करून घ्या असं सांगितलं, ते करावं का? आणि अशा पुंगळ्यांत लहान प्राइमर घातला तर दारूचं माप बदलावं लागतं का?

उत्तराआधी एक गोष्ट. हँडल अडकलं की हात थांबलाच पाहिजे. प्राइमर म्हणजे धातूची इवलीशी वाटी, तिच्यात दाबाने आणि घाताने पेटणारं रसायन आणि त्यावर बसवलेली ऐरण. चेपला की पेटायचा, हेच त्याचं काम आहे. मोठा प्राइमर लहान पॉकेटवर ठेवून आपण हँडलला रेटा देतो तेव्हा फायरिंग पिनचं काम आपणच करत असतो. बहुतेक वेळा तो नुसता चेपतो. पण जेव्हा फुटतो तेव्हा त्याच्या शेजारी नळीत वा चकतीत त्याचे भाऊबंद ओळीने उभे असतात आणि एकाची आग दुसऱ्याला लागू शकते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर प्राइमरच्या नळीभोवती जाड धातूचं कवच असतं ते याचसाठी. ते कवच काढून काम करू नका आणि चष्म्याशिवाय प्रेससमोर बसूच नका. नंबरचा चष्मा असला तरी त्यावर सेफ्टीचा चष्मा हवा, कारण साध्या चष्म्याच्या बाजू उघड्या असतात.

आता मूळ मुद्दा. तुमची प्रेस ठीक आहे आणि पुंगळ्याही ठीक आहेत. .४५ एसीपीच्या पुंगळ्या आज बाजारात दोन मापांच्या प्राइमर पॉकेटसह मिळतात आणि रेंजवरून उचललेल्या ढिगात त्या हमखास मिसळलेल्या असतात.

जॉन ब्राउनिंगने हे काडतूस विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार केलं, १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने ते पिस्तुलासह स्वीकारलं, आणि पुढे कित्येक दशकं .४५ एसीपी म्हटलं की लार्ज पिस्टल प्राइमर हे ठरलेलं होतं. त्याचा व्यास ०.२१० इंच, म्हणजे ५.३३ मिलिमीटर. नऊ एमएम, .३८ स्पेशल आणि .४० एस अँड डब्ल्यू यांना लागणारा स्मॉल पिस्टल प्राइमर ०.१७५ इंचाचा, म्हणजे साधारण ४.४५ मिलिमीटरचा. जुनी पुस्तकं, जुने लोडिंग मॅन्युअल, जुने जाणते नेमबाज सगळे .४५ साठी लार्ज प्राइमर असंच सांगतात. त्यामुळे नव्या माणसाला दुसरं मापही असतं याची शंकाच येत नाही.

बदल झाला तो शिशामुळे. नेहमीच्या प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचं संयुग असतं. बंदिस्त रेंजवर दिवसभर गोळीबार चालतो तेव्हा त्याचा धूर तिथल्या प्रशिक्षकांच्या आणि पोलिसांच्या फुप्फुसात जातो. म्हणून काडतूस कंपन्यांनी बिनशिशाचे प्राइमर आणले. त्यातलं डीडीएनपी हे रसायन जास्त झटक्याने पेटतं आणि मोठ्या वाटीत ते प्राइमरला मागे ढकलायला लागलं. त्यावर उपाय म्हणून काही पुंगळ्यांचं फ्लॅश होल (पॉकेटच्या तळाचं, ज्योत दारूपर्यंत नेणारं भोक) रुंद केलं, काहींत प्राइमर क्रिंप करून जखडला आणि शेवटी कंपन्या लहान प्राइमरकडे वळल्या. एकदा तशी यंत्रं बसल्यावर कारखान्याच्या लक्षात आलं की नऊ एमएम, .४० आणि .४५ या तिन्हींना एकच प्राइमर चालत असेल तर साठा आणि जुळणी दोन्ही सोपं होतं. त्यामुळे आता शिशाचा नेहमीचा प्राइमर असलेल्या साध्या सरावाच्या काडतुसांतही लहान पॉकेट आढळतं. ब्लेझर ब्रासच्या .४५ पुंगळ्या हे त्याचं रेंजवर सर्वात जास्त सापडणारं उदाहरण.

इथे नवा माणूस एक सोपी वाट शोधतो: बुडावरचा शिक्का वाचायचा आणि त्यावरून ठरवायचं. ही वाट धरू नका. शिक्क्यात एनटी ही अक्षरं असली तर पुंगळी बिनशिशाच्या काडतुसाची आहे एवढं कळतं. पण त्यातल्या काही मोठ्या पॉकेटच्या आहेत आणि काही लहान. फेडरल आणि स्पीअर यांच्या .४५ पुंगळ्या दोन्ही मापांत सापडतात, शिक्का दिसायला तोच. ब्लेझरच्याही जुन्या पुंगळ्या मोठ्या पॉकेटच्या मिळतात. उद्या कुठली कंपनी कुठल्या लॉटमध्ये कोणतं माप वापरेल हे तुम्हाआम्हाला कोणी कळवणार नाही. म्हणून शिक्क्यांची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नका. नजर पॉकेटवर ठेवा.

नजरेने हे ओळखणं खरोखर सोपं आहे, फक्त पुंगळ्या नीट मांडायला हव्यात. .४५ च्या बुडाचा व्यास ०.४८० इंच. मोठा प्राइमर त्या रुंदीचा जवळजवळ ४४ टक्के भाग व्यापतो, लहान ३६ टक्के. आकड्यात फरक किरकोळ वाटतो, पण बुडं वर करून पन्नास पुंगळ्या शेजारी शेजारी उभ्या केल्या की लहान प्राइमरवाली पुंगळी लगेच डोळ्यांत भरते. तिच्या प्राइमरभोवतीचा पितळी काठ रुंद दिसतो, अक्षरांना भोवती मोकळी जागा मिळालेली असते. मोठ्या प्राइमरच्या पुंगळीत अक्षरं प्राइमरच्या कडेला चिकटल्यासारखी वाटतात. एकट्या पुंगळीकडे बघून मात्र चूक होते. हातात घेऊन एकेक तपासणारा माणूस थोड्या वेळात थकतो आणि मग सगळ्याच सारख्या दिसायला लागतात.

माझी पद्धत अशी. फॅक्टरीची काडतुसं ज्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये येतात ते पन्नास भोकांचे ट्रे मी टाकत नाही. पुंगळ्या टंबलरमधून (घोळवून साफ करणाऱ्या यंत्रातून) साफ करून निघाल्या, पण जुना प्राइमर अजून आतच आहे, अशा अवस्थेत त्या ट्रेमध्ये तोंड खाली बुड वर अशा उभ्या करतो. टेबलावरचा दिवा वरून न ठेवता बाजूने तिरपा ठेवतो, म्हणजे प्राइमरच्या कडेची रेघ सावलीने उठून दिसते. मग ओळीमागून ओळ नजर फिरवायची. तांदूळ निवडताना खडा जसा आपोआप नजरेला टोचतो, तसंच हे होतं. बाजूला काढलेल्या पुंगळ्या एका रुंद तोंडाच्या बरणीत जातात. सगळा ट्रे झाल्यावर तो अर्धा वळसा फिरवून पुन्हा एकदा बघतो. दुसऱ्या कोनातून अधूनमधून एखादी चुकलेली सापडते.

जुना प्राइमर आत असतानाच निवडा, हे मी मुद्दाम सांगतोय. प्राइमर काढून टाकला की उरतं ते काळपट भोक आणि अंधाऱ्या भोकाचं माप नजरेला नीट लागत नाही. चकचकीत प्राइमरचा गोल मात्र चटकन मोजता येतो. ज्यांना वेट टंबलिंगमध्ये (पाण्यात घोळवताना) पॉकेटही स्वच्छ हवं असतं ते आधी प्राइमर काढतात. त्यांनी निवडीचं काम त्याच्याही आधी, मळक्या पुंगळ्यांवरच उरकावं. तेव्हा हातमोजे घालावेत. जळलेल्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. हे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर कधीही करू नये, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. ड्राय टंबलरचं झाकण उघडताना उडणारी धूळ तर त्याहून वाईट. तो गॅरेजच्या दाराबाहेर नेऊन उघडा.

हीच निवड करताना इतर गोष्टीही हाती लागतात. .४५ च्या पोटात .४० आणि तिच्या पोटात नऊ एमएम अशी एकात एक शिरलेली पुंगळी टंबलरमध्ये घट्ट बसते आणि प्रेसवर गेली की डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) अडवते. .४५ गॅपची पुंगळी बुडाकडून .४५ एसीपीसारखीच दिसते. २००३ च्या सुमारास आलेल्या या काडतुसाच्या पुंगळीची लांबी ०.७५५ इंच, तर एसीपीची ०.८९८ इंच. ट्रेमध्ये उभी केली की तिचं बुड बाकीच्यांपेक्षा खाली राहतं म्हणून सापडते. अॅल्युमिनियमची पुंगळी फेकून द्यावी. बुडाच्या आत एका मधल्या भोकाऐवजी दोन बारीक भोकं दिसली तर ती बर्डन प्राइमरची. ती आपल्या उपयोगाची नाही, डीकॅपिंग पिन (जुना प्राइमर ढकलून काढणारी पिन) मोडून ठेवते. योगायोग बघा, हायरम बर्डन अमेरिकन आणि एडवर्ड बॉक्सर इंग्रज, पण अमेरिकेत चालतो बॉक्सरचा प्राइमर आणि बर्डनचा रुजला समुद्रापलीकडे.

आता ड्रिलच्या सल्ल्याबद्दल. ज्यांनी तो दिला ते बहुधा क्रिंप काढण्याबद्दल बोलत असावेत आणि दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली. सैन्याच्या आणि काही पोलिसी काडतुसांत प्राइमर हलू नये म्हणून पॉकेटच्या तोंडाशी पितळ आत दाबलेलं असतं. त्या पुंगळीत नवा प्राइमर बसवतानाही तसंच अडकल्यासारखं होतं. पण तिथे पॉकेट योग्य मापाचं असतं, फक्त तोंडाशी पितळाचा ओठ आलेला असतो. तो स्वेजरने दाबून किंवा रीमरने हलकासा खरवडून काढतात आणि पुंगळी नेहमीसारखी वापरता येते. ओळखायचं कसं? जुन्या प्राइमरभोवती गोल चर किंवा तीनचार ठोक्यांच्या खुणा दिसतात आणि प्राइमर स्वतः पूर्ण मापाचा असतो.

लहान पॉकेट मोठं करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती करू नका. ०.१७५ वरून ०.२१० इंचावर जायचं म्हणजे सगळ्या बाजूंनी साडेसतरा हजारांश इंच पितळ कापायचं. हातातल्या ड्रिलने ते भोक मध्याला राहणार नाही, गोल राहणार नाही, तळ सपाट राहणार नाही. प्राइमर सैल बसला तर गोळी सुटताना त्याच्या कडेने तप्त वायू मागे येतो आणि १९११ च्या स्लाइडच्या (वरच्या सरकत्या भागाच्या) तोंडावर खड्डा पाडतो. काही सेंटच्या पुंगळीसाठी हजार डॉलरचं पिस्तूल खराब करून घेण्यात काहीही अर्थ नाही. शिवाय जी पुंगळी लहान प्राइमर घालून आजच वापरता येते तिला कापायचंच कशाला?

उलटा प्रसंगही लक्षात ठेवा. प्रेस लहान प्राइमरसाठी लावलेली आहे आणि त्यात मोठ्या पॉकेटची पुंगळी आली, तर हँडल अडकत नाही. प्राइमर आत जातो आणि तसाच खाली गळून पडतो, किंवा तिरपा लटकत राहतो. पुढच्या स्टेशनवर त्याच पुंगळीत दारू पडते आणि फ्लॅश होलमधून शेलप्लेटवर (पुंगळ्या धरणाऱ्या चकतीवर) सांडते. बारीक गोल दाण्यांची दारू शेलप्लेटखाली आणि प्राइमरच्या यंत्रणेत शिरली की पुढचे प्राइमर पूर्ण खोल बसत नाहीत आणि कारण शोधता सापडत नाही. तेव्हा प्रेस थांबवून सगळी ब्रशने साफ करावी लागते. मोठा प्राइमर लहान पॉकेटवर अडला तर हाताला निदान धक्का तरी बसतो, उलट प्रकार चुपचाप घडतो. म्हणून मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते.

यासाठीच हाताची सवय जोपासा. नेहमीचा प्राइमर बसताना आधी हलकी अडकाठी जाणवते, मग सारखा विरोध आणि शेवटी पॉकेटच्या तळाला टेकल्याचा ठाम पण मऊ थांबा. लहान पॉकेटवर मोठा प्राइमर आला की सुरुवातीलाच टणक धक्का बसतो, प्रवास होतच नाही. मोठ्या पॉकेटमध्ये लहान प्राइमर गेला की विरोधच लागत नाही. हे तीन स्पर्श वेगवेगळे ओळखता आले की निवडीतून निसटलेली एखादी पुंगळीही प्रेसवर पकडली जाते. नवशिक्याने म्हणूनच पहिले काही महिने हाताच्या प्राइमिंग टूलने प्राइमर बसवावेत असं माझं मत आहे. वेळ जास्त जातो, पण बोटांना जे शिकायला मिळतं ते प्रेसच्या लांब हँडलवर शिकायला मिळत नाही. बसवून झाल्यावर बोटाचं टोक बुडावरून फिरवा. प्राइमर बुडाच्या पातळीपेक्षा किंचित खाली, तीन ते पाच हजारांश इंच, लागला पाहिजे. उंचवटा लागला तर ते काडतूस पुढे जाऊ देऊ नका.

तिसरा प्रश्न दारूच्या मापाचा, आणि स्पर्धेत उतरणाऱ्याने इथे सर्वात जास्त लक्ष द्यावं. .४५ एसीपी हे कमी दाबाचं काडतूस. सामी या काडतुसांची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेने त्याला घालून दिलेली दाबाची कमाल मर्यादा २१,००० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), तर नऊ एमएमची ३५,०००. पुंगळीचं पोट मोठं, दारू थोडी. त्यामुळे लहान प्राइमरची ज्योत दारू पेटवायला पुरते आणि काडतूस व्यवस्थित चालतं. लहान प्राइमरच्या .४५ मध्ये नेम लागत नाही असं म्हणणारे रेंजवर भेटतील, पण ते खरं नाही.

तरीही दोन प्राइमर म्हणजे दोन वेगळे लोड, म्हणजे गोळी-दारू-प्राइमरच्या दोन वेगळ्या जुळण्या. दारू तीच, गोळी तीच, माप तेच ठेवलं तरी वेग तंतोतंत तोच येईल असं गृहीत धरायचं नाही. माझ्या क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) लहान प्राइमरचा वेग बहुधा थोडा खाली येतो, दारूच्या जातीप्रमाणे कमीजास्त. पण तुमच्या पिस्तुलात काय येतं ते तुमच्याच क्रोनोग्राफवर बघायला हवं. पद्धत नेहमीचीच: प्रकाशित मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून पुन्हा वर चढत यायचं. मोठ्या प्राइमरवर सिद्ध केलेलं माप तसंच उचलून लहान प्राइमरवर लावायचं नाही, आणि वेग कमी दिसला म्हणून अंदाजाने दारू वाढवायची तर मुळीच नाही.

तुमच्या स्पर्धेत याचा थेट परिणाम असा होतो. यूएसपीएसएमध्ये जोरकस काडतुसाला मेजर आणि हलक्याला मायनर असे, त्याहून कमी, गुण मिळतात. मेजर गुणांसाठी पॉवर फॅक्टर, म्हणजे काडतुसाच्या जोराचा आकडा, किमान १६५ लागतो. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, भागिले हजार. २३० ग्रेनच्या गोळीला त्यासाठी किमान ७१८ फूट प्रति सेकंद वेग हवा. ७१७ वर हिशेब १६४.९ येतो आणि मेजर हुकतं. हलका झटका हवा म्हणून बरेच जण ७२५ च्या आसपास लोड ठेवतात. आता त्याच डब्यात अर्धी काडतुसं मोठ्या प्राइमरची आणि अर्धी लहान प्राइमरची असतील आणि लहानांचा वेग दहाबारा फुटांनी खाली असेल, तर स्पर्धेच्या क्रोनोग्राफवर कोणती काडतुसं उचलली जातात त्यावर तुमचा निकाल ठरेल. सिंगल स्टॅकमध्ये मेजरसाठी आठ गोळ्यांचं मॅगझिन घेऊन उतरायचं आणि गुण मात्र मायनरचे मिळायचे, यापेक्षा वाईट सौदा नाही. मॅचची काडतुसं एकाच मापाच्या प्राइमरची, जमलं तर एकाच शिक्क्याच्या पुंगळ्यांची भरा.

बुल्सआय, म्हणजे गोल लक्ष्यावर अचूक नेमाचा खेळ, खेळणाऱ्यांना हे वेगळ्या रूपात भेटतं. ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे, तिथे १९०७ पासून नॅशनल मॅचेस होतात. पन्नास यार्डांवर एका हाताने .४५ चालवायची. तिथे वेगातला फरक लक्ष्यावर उभ्या रेषेत पसरतो आणि माणूस स्वतःच्या चापावरच्या बोटाला दोष देत बसतो.

अदलाबदलीबद्दल दोन वाक्यं, कारण प्राइमर मिळेनासे झाले की हा विचार हमखास येतो. २०२० ते २०२२ या काळात अमेरिकेत प्राइमरचा दुष्काळ पडला होता, लार्ज पिस्टल तर दिसतच नव्हते. तेव्हा लोकांनी लार्ज रायफल प्राइमर .४५ मध्ये घालून बघितले. व्यास तोच, पण रायफलचा प्राइमर उंच असतो. पिस्तुलाच्या पॉकेटची खोली ०.११७ ते ०.१२३ इंच आणि रायफलच्या पॉकेटची ०.१२५ ते ०.१३२. म्हणजे तो बुडाबाहेर डोकं काढून बसणार, आणि स्लाइड बंद होताना त्यावर ठोका पडला तर काडतूस चाप न ओढता सुटू शकतं. हे करायचं नाही. स्मॉल रायफल प्राइमर स्मॉल पिस्टलच्या पॉकेटमध्ये नीट बसतो खरा, पण त्याची वाटी जाड असते आणि हलक्या स्प्रिंगच्या १९११ मध्ये तो नेमका स्पर्धेच्या फेरीच्या मध्यावर पेटायचं नाकारतो.

त्या दुष्काळानेच लहान पॉकेटच्या .४५ पुंगळ्यांची किंमत लोकांना कळली. आधी रेंजवर लोक वैतागून त्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. मग ज्यांच्याकडे नऊ एमएमसाठी स्मॉल पिस्टल प्राइमर शिल्लक होते त्यांनी त्याच पुंगळ्यांवर .४५ चा सराव चालू ठेवला. म्हणून माझं स्पष्ट सांगणं आहे, त्या टाकू नका. एनटी शिक्क्याच्या ज्या पुंगळ्यांचं फ्लॅश होल उघड उघड रुंद दिसतं तेवढ्या मी बाजूला काढतो. अनेक जण त्या वापरतात. पण मला माझ्या लोडमध्ये आणखी एक बदलती गोष्ट नको आहे आणि साध्या पुंगळ्यांची वानवा नाही.

तुमच्याकडे आता ज्या पुंगळ्यांच्या पॉकेटच्या तोंडावर प्राइमर चेपून बसलेत त्यांचं काय? ते प्राइमर अजून जिवंत आहेत असंच धरा. तेलात किंवा पाण्यात बुडवून ठेवले की निकामी होतात यावर विसंबू नका, वाळल्यावर ते पेटू शकतात. अशा पुंगळीत दारू पडली असेल तर आधी ती काढून टाका. मग प्रेसवरून बाकीचे सगळे प्राइमर आणि दारू दूर नेऊन, चष्मा आणि कानाचं संरक्षण घालून, डीकॅपिंग पिनने अगदी सावकाश, हिसका न देता प्राइमर बाहेर ढकला. एकदम दाब द्यायचा नाही, ठोकायचं तर कधीच नाही. मन धजत नसेल तर ती पुंगळी वेगळ्या डब्यात ठेवा आणि क्लबमधल्या एखाद्या अनुभवी माणसाच्या हवाली करा.

भारतातून हे वाचणाऱ्यांसाठी: वर लिहिलेलं सगळं अमेरिकेतलं आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, विकायची असतील तर मात्र लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसांचे भाग आणि ती बनवण्याची यंत्रसामग्रीही दारूगोळ्याच्या व्याख्येतच येते आणि परवान्याशिवाय ते काम हा गुन्हा आहे. आपल्याकडे कोल्हापूर-पुण्यात .२२ पिस्तुलावर सराव करणारी मुलं कधीकधी विचारतात की ही बचत त्यांना करता येईल का. .२२ एलआर हे रिमफायर काडतूस, त्यात वेगळा प्राइमरच नसतो, रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं. एकदा उडालं की ती पुंगळी संपली.

राहता राहिली इतर काडतुसं. नऊ एमएम, .४० आणि .३८० ला लहान प्राइमर, .४४ मॅग्नम आणि .४५ कोल्टला मोठा, इथे नेहमीच्या ढिगात गोंधळ होत नाही. १९३५ च्या .३५७ मॅग्नमच्या अगदी सुरुवातीच्या पुंगळ्या मोठ्या प्राइमरच्या होत्या, पण त्या आता संग्राहकांकडेच. दहा एमएम भरत असाल तर तिथेही बुड बघूनच पुंगळी उचला. .४५ एवढा सर्रास नसला तरी हा प्रकार तिथेही भेटतो.

आणि लहान पॉकेटच्या ढिगाचं नियोजन असं करा. प्रेसची प्राइमर यंत्रणा मोठ्यावरून लहानावर नेणं हे काही मिनिटांचं काम आहे, पण ते वरचेवर करण्यात चुका होतात. बरणीत एका बैठकीपुरत्या पुंगळ्या जमेपर्यंत थांबा. मग नऊ एमएम भरायच्या दिवशीच, प्रेस लहान प्राइमरवर लावलेलीच असते तेव्हा, शेलप्लेट आणि डाय बदलून .४५ चा तो ढीग उरकून घ्या. टेबलावर त्या दिवशी मोठ्या पॉकेटची एकही पुंगळी ठेवू नका. भरलेल्या डब्यावर गोळी, दारू, माप आणि तारीख यांच्यासोबत प्राइमरचं माप लिहा. ती काडतुसं सरावाला वापरा आणि सराव संपल्यावर त्या पुंगळ्या वेगळ्या पिशवीत परत आणा. .४५ ची पुंगळी फाटण्याआधी बहुधा गवतात हरवते, त्यामुळे एकदा वेगळी ठेवलेली ही रास पुष्कळ वर्षं पुरते.